बालीतलं हिरवं गाव: अण्णा-मायला नेमकं कुठे न्यावं?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले, घरी केळी. अण्णांचा आजवरचा प्रवास म्हणजे पंढरपूर, नाशिक आणि गिरनार, तोही मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागवडींच्या मधल्या सवडीत. आता धाकट्या भावाने शेत सांभाळायचं कबूल केलंय, म्हणून दोघांना बालीला न्यायचं ठरवलंय.

ट्रॅव्हल्सवाल्यांनी पाठवलेल्या कार्यक्रमात समुद्रकिनारा, पाण्यातले खेळ, उंच झोका आणि खरेदी आहे. अण्णांना यातलं काही नको. त्यांना मी तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातशेतीचा व्हिडिओ दाखवला तर त्यांनी तो थांबवून थांबवून बघितला आणि विचारलं, "एवढ्या वरच्या वाफ्यात पाणी कोण सोडतं? आणि खालच्याला उरतं का?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हाच ठरवलं की सगळी धावपळ सोडून एका हिरव्या गावात निवांत राहायचं.

जातिलुविह, सिदमेन, पेंगलिपुरन, मुंडुक अशी नावं सापडली आहेत. कोण जाऊन आलंय? मायचे गुडघे दुखतात, फार चढउतार जमणार नाही. ती माळकरी आहे, कांदा-लसूणसुद्धा खात नाही. आणि बातम्यांत ज्वालामुखी बघितल्यापासून थोडी धास्तावली आहे. तिला काय सांगू?

निळी चिमणी

जातिलुविह. दुसरा विचारच करू नका.

बटुकारू डोंगराच्या दक्षिण उतारावर, साधारण ७०० मीटर उंचीवर आहे. सहाशे हेक्टरांहून जास्त भातशेती एकसलग दिसते. उबुद या पर्यटकांच्या गावाहून गाडीने दीड तासाच्या आसपास. उबुदजवळचं तेगलालांग सगळ्यांना माहीत असतं, पण ती एक अरुंद खोल घळ आहे, पायऱ्या उभ्या आहेत आणि झोक्यांची, फोटोवाल्यांची गर्दी. काकूंना तिथे त्रास होईल. जातिलुविहला शेतांमधून आखलेल्या वाटा आहेत, छोट्या आणि मोठ्या. छोटी वाट काकूंना जमेल. नाही जमली तर रस्त्याकडेला बसूनही अख्खा उतार डोळ्यांसमोर असतो.

सकाळी लवकर पोहोचा. दुपारकडे डोंगरावर ढग उतरतात.

बोदवडकर

चिमणीताई, जातिलुविह सुंदर आहे हे मान्य, पण तिथे बहुतेक लोक दुपारच्या जेवणापुरते येतात आणि परत फिरतात. तापीकाठ यांना गावात *राहायचं* आहे. माझं मत सिदमेनला.

पूर्वेकडे, करंगासेम भागात आहे. समोर गुनुंग आगुंग, बालीतला सर्वात उंच डोंगर, तीन हजार मीटरच्या वर. पहाटे तो स्पष्ट दिसतो, नंतर ढगात जातो. दरीत भात, वर नारळ, मिरचीची शेतं, भुईमूगसुद्धा बघितला. घराघरांत हातमाग चालतात, तिथलं सोन्या-चांदीच्या जरीचं सोंगकेत कापड प्रसिद्ध आहे. आमच्या सौभाग्यवती मागाजवळून उठायला तयार नव्हत्या. शेतांच्या मधोमध छोटी मुक्कामाची ठिकाणं आहेत, सकाळी दार उघडलं की बांधावर माणूस कुदळ घेऊन उभा दिसतो. अण्णांना याहून काय हवं?

हट्टी सातपुडा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हिरवं गाव बघायला समुद्र ओलांडायची गरज काय? श्रावणात तोरणमाळला या. साधारण ११५० मीटर उंची, यशवंत तलाव, सीताखाई, सगळीकडे धुकं. रावेरकरांना तर पाल हे थंड हवेचं ठिकाण उशालाच आहे. तेवढ्या पैशात अख्खं भाऊबंद जाऊन येईल.

मीरा धुळेकर

@हट्टी सातपुडा, तोरणमाळला आम्ही दरवर्षी जातो आणि जाणारच. पण ज्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षं केळीला पाणी दिलं त्याला एकदा विमानात बसून दुसऱ्या शेतकऱ्याचं पाणी बघू द्या की!

तापीकाठ, पेंगलिपुरनचं सांगते. बांगली भागात आहे. एक सरळ दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना सारख्या धाटणीचे दरवाजे, रस्त्यावर एकही गाडी नाही, मागे बांबूचं मोठं बन. चढ हलका आहे, मायला सावकाश चालता येईल. घरांवर बांबूच्या चोयांची छपरं. गावाचे जुने नियम आजही पाळतात. त्यातला एक ऐकून आमच्या गटातल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या: दुसरी बायको करणाऱ्या पुरुषाला गावातल्या घरात जागा नाही, त्याच्यासाठी गावाच्या कडेला वेगळा तुकडा राखून ठेवलाय. तो तुकडा रिकामाच आहे म्हणे.

पण इथे भाताच्या पायऱ्या नाहीत, हे लक्षात ठेवा. अर्ध्या दिवसाचं ठिकाण आहे. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळणार नाही.

बोदवडकर

मीराताई, तो नियम आमच्याकडे लागू केला तर गेल्या पिढीतले दोन-चार सरपंच गावाच्या कडेला राहायला गेले असते :)

भूगर्भ

ज्वालामुखीच्या भीतीबद्दल लिहितो, कारण ती खोटी ठरवून उपयोग नाही, समजून घ्यायला हवी.

बालीतले दोन ज्वालामुखी जागे आहेत, आगुंग आणि बातुर. आगुंगचा मोठा उद्रेक १९६३ चा. फेब्रुवारीत सुरू झाला, १७ मार्चला भयंकर स्फोट झाला, एक हजाराहून जास्त माणसं गेली. त्याच वेळी उतारावरच्या बेसाकिह या मुख्य मंदिरात शंभर वर्षांतून एकदा होणारा 'एका दासा रुद्र' विधी सुरू होता. लाव्हा मंदिराच्या जवळून गेला, मंदिर वाचलं. तो विधी पुढे १९७९ साली पुन्हा केला गेला. २०१७ च्या नोव्हेंबरात आगुंग परत जागा झाला, तेव्हा राखेमुळे विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला होता. बातुरने १९२६ साली आपल्या पायथ्याचं बातुर गाव गाडलं. लोक वर काठावर जाऊन वसले, मंदिरही वर बांधलं.

आता मायला सांगायचं ते हे. या डोंगरांवर यंत्रं बसवून सतत लक्ष ठेवलेलं असतं आणि धोक्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पायरी वाढली की किती किलोमीटरच्या आत जायचं नाही ते जाहीर होतं. निघण्याआधी आगुंगची पायरी कोणती आहे ते बघून घ्या. जातिलुविह ज्या बटुकारूच्या उतारावर आहे तो शांत आहे.

आणि अण्णांना हेही सांगा की ते ज्या काळ्या मातीत केळी लावतात तीसुद्धा लाव्ह्याचीच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले, त्यातून आपला काळा पाषाण झाला आणि तो झिजून ही माती. बालीत तेच काम ताज्या राखेवर चालू आहे. राख लवकर झिजते, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोकळं करते. म्हणून माणसं अशा डोंगराला सोडून जात नाहीत.

आत्याबाई

भूगर्भदादा, फार छान समजावलंत. हे मी आमच्या नातवाला वाचून दाखवलं.

पांझरा

अण्णांच्या प्रश्नासाठी खास लॉगिन केलं. "खालच्याला उरतं का?" हा प्रश्न फक्त शेतकरीच विचारू शकतो.

बालीत पाणी वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला सुबक म्हणतात. एका कालव्यावर ज्यांची शेतं भिजतात ते सगळे त्याचे सभासद, त्यांच्यातून एक प्रमुख निवडतात. ही व्यवस्था नवव्या शतकापासून चालत आल्याचं युनेस्कोच्या नोंदीत आहे. २०१२ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि जातिलुविहची शेती त्यातच येते. पाणी वरच्या तळ्यांतून, झऱ्यांतून आणि नद्यांतून येतं. डोंगरातून हाताने बोगदे खोदून ते वळवलंय. पंप नाही, सगळं उतारावर. वाटणीसाठी पाटात आडवा ओंडका टाकतात आणि त्याला खाचा पाडतात. ज्याचा वाटा जेवढा तेवढी त्याची खाच रुंद. कोणीही उभं राहून बघावं आणि मोजावं, लपवायला काही नाही. पाण्याच्या मंदिरात बैठक होते आणि लावणी कधी, कोणी, कोणत्या क्रमाने, हे तिथे ठरतं.

खरी गोम या क्रमात आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी लावणी केली तर पाणी पुरत नाही. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा केली तर किडीला बारा महिने खायला मिळतं. म्हणून शेजारशेजारचे सुबक एकत्र कापणी करून एकाच वेळी शेतं मोकळी ठेवतात, कीड उपाशी मरते. दूरचे सुबक वेगळ्या वेळी. १९७० च्या दशकात सरकारने जास्त उत्पन्नाचं, लवकर येणारं भात आणलं आणि सगळ्यांना सतत पीक घ्यायला लावलं. देवळाचं वेळापत्रक मोडलं. तपकिरी तुडतुड्यांनी शेतं बसवली आणि पाण्याची ओढाताण झाली. जे. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी पुढे अभ्यास करून, संगणकावर मांडणी करून दाखवलं की देवळांचं जुनं वेळापत्रक पाणी आणि कीड दोन्हींचा तोल सांभाळत होतं.

हे सगळं मी का लिहितोय? माझे आजोबा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणारे होते. साक्री तालुक्यात, पांझरेच्या बंधाऱ्यावर. आपल्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून *फड पद्धत* होती. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालचं भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे साधारण चार भाग, ते फड. एका फडात एका हंगामात एकच पीक, म्हणजे पाण्याच्या पाळीवरून भांडण नाही. प्रत्येकाची जमीन होता होईल तो सगळ्या फडांत. पाऊस कमी झाला तर किती फड भिजवायचे ते गाव आधी बसून ठरवे, आणि झळ सगळ्यांना सारखी बसे. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बारं फोडायचं, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवायचं नाही, पाणी पाटकरीच देणार. पीक राखायला जागल्या, वर हवालदार, सगळ्यांवर पंच. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा.

म्हणून म्हणतो, अण्णांना जातिलुविहला न्या. आणि जाण्याआधी एकदा पांझरेकाठी आणा. दोन्ही बघितलेला माणूस आपल्यात फार थोडा आहे.

तापीकाठ

पांझराभाऊ, हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. ओंडक्याच्या खाचांपाशी थांबून म्हणाले, "खाच कोणी रात्री कोरून वाढवली तर?"

पांझरा

हा प्रश्न फडातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने विचारला असता! तिथे दंड आहे, आपल्याकडेही होता. पण दंडापेक्षा धाक दुसराच. ज्याने पाणी चोरलं त्याला पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या समोर बसायचं असतं, आणि तिथे ती बैठक देवाच्या दारात होते.

हट्टी सातपुडा

पांझराभाऊंचं लिहिणं मनापासून आवडलं. तरी एक बोलायलाच हवं. बालीत डोंगरावर भरपूर पाऊस आणि बारमाही झरे. आपल्याकडे वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. तिथलं हिरवं बघून "आपलेच लोक एकीने राहत नाहीत" असा निष्कर्ष काढू नका, तो आपल्या बापजाद्यांवर अन्याय होईल. फड लोकांच्या भांडणाने नाही मोडला. वर धरणं झाली, नदीचं वाहतं पाणी आटलं, विहिरी आणि बोअर आले, ज्याचा पंप त्याचं पाणी झालं. बालीतही दक्षिणेकडे भातशेतं विकून हॉटेलं उठताहेत. वारशाचा शिक्का मिळाला म्हणून शेतकऱ्याच्या पोराला शेतात राहावंसं वाटतं असं नाही.

पांझरा

@हट्टी सातपुडा, अक्षर न् अक्षर मान्य. म्हणूनच तर जायचं, आणि गेल्यावर तिथल्या शेतकऱ्याला हेच विचारायचं: तुमचा पोरगा शेतात आहे का?

गिरणाकाठची

एवढं सगळं पाण्याचं झालं, आता मायच्या जेवणाचं कोणी बोलेल का? :) मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्याही माळकरी.

सर्वात मोठी अडचण मांसाची नाही, ते दिसतं तरी. अडचण तेरासीची. वाळवलेल्या कोळंबीचा लगदा असतो, तो तिखटाच्या चटणीत म्हणजे सांबालमध्ये बहुतेक ठिकाणी असतोच. भाजी दिसते, शाकाहारी वाटते, पण असते. म्हणून हे पाठ करा: "तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा दागिंग". म्हणजे तेरासी, मासे, मांस नको. कांदा-लसणाचं चालकाकडून तिथल्या भाषेत एका कागदावर लिहून घ्या आणि तोच दाखवत जा. लोक अतिशय प्रेमळ आहेत, समजावून सांगितलं की वेगळं करून देतात.

काय खाता येईल: साधा भात, तळलेलं किंवा भाजलेलं तेंपे (सोयाबीन आंबवून केलेली वडी, वाटण न लावता मागा), उकडलेल्या भाज्या, फळं, केळीची भजी. केळीची भजी तर दारोदारी! जातिलुविहला लाल भात मिळतो, तो नक्की खा, चवीला आपल्या जुन्या गावठी तांदळाच्या जवळचा.

स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. आम्ही ज्वारीचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी नेली होती. ताजी फळं-भाज्या, रोपं, बियाणं मात्र अजिबात नेऊ नका आणि आणूही नका. अण्णांना तिथलं केळीचं रोप बघून मोह होईल, आधीच सांगून ठेवा. रोग यायला एक कंद पुरतो.

खान्देशी मावळा

मायले सांगा, भाकर तठे बी थापता यी. काळजी नही करानी.

यावलचा पाहुणा

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, ५ लाख रुपया, ३० दिवसांचा. आकडा ऐकून घाबरू नका, त्यांचा रुपया आपल्यापेक्षा फार लहान आहे. निघण्याआधी ऑनलाइन काढला तर रांग वाचते. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताचा परदेशी पर्यटकांसाठी दीड लाख रुपयाचा वेगळा कर आहे. पारपत्राची मुदत सहा महिने शिल्लक हवी. अण्णा-मायचं पारपत्र काढलंय ना? नसेल तर आजच अर्ज टाका.

निळी चिमणी

कधी जायचं हे कोणीच विचारलं नाही! एप्रिल ते ऑक्टोबर तिथे कोरडा हंगाम, नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. पण कोरडा हंगाम म्हणजे हिरवं दिसेलच असं नाही, ते लावणीवर आहे. जातिलुविहचा पारंपरिक लाल भात वर्षातून एकदाच घेतात. साधारण जानेवारीच्या सुमारास लावतात आणि जून-जुलैत कापतात, नेहमीच्या जातींपेक्षा खूप जास्त दिवस शेतात उभा असतो. कापणीनंतर गेलात तर नुसते कापलेले बुडखे आणि चिखल. एप्रिल-मे उत्तम. पाऊस सरलेला, भात कमरेइतका, आणि आपल्याकडे तेव्हा जळगाव-भुसावळात घराबाहेर पाऊल टाकवत नाही.

मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपी बघून तिकीट काढा. ते त्यांचं शक वर्षाचं नवीन वर्ष. त्या दिवशी संपूर्ण बेटावर शांतता, दिवे नाहीत, रस्त्यावर कोणी नाही, विमानतळसुद्धा २४ तास बंद. कधी कधी आपल्या पाडव्याच्याच दिवशी येतो, २०२३ मध्ये दोन्ही २२ मार्चला होते.

आत्याबाई

शक वर्ष? म्हणजे आपल्या पंचांगातलंच? माझ्या अंगावर काटा आला.

मीरा धुळेकर

हो आत्या, तेच शक. आणि भाताच्या बांधावर छोटी छोटी देवळं असतात, श्रीदेवीची. तिथे तिला देवी स्री म्हणतात. मायला बाली परकं वाटणार नाही.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. घरी बसून ठरवलं: मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. मुक्काम सिदमेनला आणि जातिलुविहला, वाटेत पेंगलिपुरन. मुंडुकचे धबधबे उतरायला मायला जमणार नाहीत, म्हणून सोडले. माय म्हणाली, "आगुंग लांबून बघेन, जवळ नको." ते ठीक आहे.

आणि हट्टी सातपुडा, तुमचंही ऐकलंय. श्रावणात तोरणमाळ पक्कं. पांझराभाऊ, आम्ही पुढच्या रविवारी साक्रीला येतोय, बंधारा दाखवाल ना? अण्णांनी तुमचा नंबर मागितलाय, निरोपात पाठवा.

एक शेवटचं. अण्णांना तिथल्या शेतकऱ्याशी बोलायचं आहे, फक्त बघायचं नाही. भाषेचं काय करू?

पांझरा

या, दाखवतो. जुना पाट आता अर्धा बुजलाय, पण बंधाऱ्याची दगडी भिंत अजून उभी आहे. जेवायला घरीच या, कळण्याची भाकरी आणि ठेचा. मायसाठी बिनलसणाचं वेगळं करू.

बोदवडकर

भाषेसाठी: चालक शहरातला घेऊ नका. मुक्कामाच्या ठिकाणी सांगा की स्वतः शेती करणारा आणि थोडं इंग्रजी येणारा माणूस सोबत हवा. सिदमेनला असे सहज मिळतात, सकाळचं शेतकाम आटोपून येतात. तुम्ही मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायचं. अर्ध्या तासाने तुमची गरज उरत नाही, दोघं शेतकरी हातवाऱ्यांवर येतात.

गिरणाकाठची

आणि बांधावर चालताना: बांध अरुंद असतात, समोरून ओझं घेऊन माणूस आला तर आपण बाजूला व्हायचं. शेतात उतरायच्या आधी विचारायचं. वाटेवर, उंबरठ्यावर केळीच्या किंवा नारळाच्या पानांच्या छोट्या द्रोणांत फुलं ठेवलेली असतात, तो नैवेद्य असतो, त्यावर पाय पडू देऊ नका. देवळात जायला कमरेला सारोंग लागतं, बहुतेक मंदिरांत दारात मिळतं, पण मायला तिची साडी पुरेल, वरून एक ओढणी कमरेला बांधली की झालं. अण्णांचं धोतर असेल तर न्या.

तापीकाठ

धोतरच असतं. पांढरं, परीटघडीचं. चार जोड भरायला सांगतो.